हिरव्या पट्ट्याचा हंडा

माझा उभ्या जन्मात एकच व्हिडिओ निघाला, आणि परमुलखातल्या ज्या लोकांनी तो बघितला त्यांच्या लेखी मी एक दुष्ट बाई आहे. त्यात मी हंडा उचलते. एवढंच. हंडा स्टीलचा, गळ्याला हिरवा पट्टा. माझ्या कपाळावर ठसठशीत कुंकू, पदर कमरेला खोचलेला, आणि तोंड... आता तोंडाचं काय सांगू? मी आधीच फटकळ, त्यात पाण्याची लाइन आणि डोक्यावर ऊन. असल्या ठिकाणी कुणाचं तोंड गोड राहतं?

तो हंडा माझा नव्हता. आपाचा होता.

आपा म्हणजे पडेगावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी बाई. वयानं माझ्यापेक्षा मोठी, म्हणून आपा. तिचा नवरा पाण्याचा टँकर चालवायचा. आपा बहीण, तर तो दुल्हेभाई, असं मीच ठरवून टाकलं होतं आणि त्या नात्याच्या जोरावर त्याची यथेच्छ थट्टा करायची. मी ब्लाउज शिवायची, आपा हुक-काजं करायची, साडीला फॉल लावायची. माझं मशीन तिच्या दारात असायचं, कारण तिच्या दारात सावली होती. ती माझ्याशी तिच्या बोलीत बोलायची, मी तिला मराठीत उत्तर द्यायची. तिला मराठी येत नव्हतं असं नाही. झकास यायचं. पण ते ती दवाखान्यात, बँकेत, नळाच्या ऑफिसात वापरायची. “मराठी मैं बाहर के लोगां से बोलती,” म्हणायची. “तू कायकी बाहर की?”

ती शहराच्या जुन्या दाटीतून पडेगावला आली होती, आम्ही मेंढरं विकून. आमची जात मेंढरामागं चालणारी. माझं लग्न झालं तेव्हा सासऱ्यांचा कळप वैजापूरच्या बाजूनं निघून दौलताबादच्या रस्त्यानं खाली उतरायचा आणि इथल्याच माळावर बसायचा. मग पाठोपाठ कोरडी वर्षं आली. कुसळसुद्धा उगवेना. ज्या माळावर मेंढरं बसायची तिथं एका वर्षी आलो तर चुन्याच्या रेघा मारलेल्या, दगडांना रंग दिलेला, प्लॉट पाडलेले. सासरे रेघांच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “आता बसवायची कुठं?” मेंढरं गेली, आणि त्यातल्याच एका रेघेच्या आत आम्ही चार पत्रे टाकून राहायला लागलो. नवरा वाळूजला कंपनीत लागला. शिफ्टची बस त्याला चौकातून न्यायची आणि चौकात सोडायची.

शहर आमच्या अंगावरून पुढं निघून गेलं. बिल्डिंगा उठल्या, रस्ता रुंद झाला, दर निवडणुकीला पाइप टाकायला खड्डे खणले जायचे आणि दर निवडणुकीनंतर बुजवले जायचे. पाणी मात्र टँकरनंच. तो कधी येईल त्याचा नेम नसायचा. म्हणून बाया सकाळीच हंडे लाइनीत लावून कामाला जायच्या. हंडा लाइनीत असला म्हणजे बाई लाइनीत आहे असं धरायचं, हा गल्लीचा कायदा. टँकर आला, लाइन हलली, की जी बाई हजर आहे तिनं गैरहजर बाईचा हंडा उचलून पुढं ठेवायचा. याला आम्ही सरकवणं म्हणायचो. “माझा सरकव गं,” एवढं सांगून बाई बिनघोर जायची. आपाचा हंडा मी सरकवायची, माझा आपा.

पण स्टीलचे हंडे समदे सारखेच. रोज भांडणं. हा माझा, तो तुझा, तुझ्याला पोचा आहे, माझ्याला नाही. शेवटी मी वैतागले. आमच्यात दोन कळप एका पाणवठ्यावर यायचे असले की मेंढरांच्या पाठीवर रंगाची खूण मारतात, म्हणजे घोळ होत नाही. मी म्हटलं, मेंढराला जमतं ते हंड्याला का जमू नये? दुल्हेभाईनं टँकरच्या दाराला हिरवा ऑइलपेंट मारला होता, त्यातला थोडा डब्यात उरलेला. मी त्याचा पट्टा आपाच्या हंड्याला ओढला. माझ्या हंड्याला आमच्या खिडकीच्या लोखंडाला मारलेला लाल रंग. तिचा हिरवा का, तर डबा तिच्या घरचा होता म्हणून. बास. दुसरं कारण देवाशपथ कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आपा हसून म्हणाली, “मेरेकू बकरी बना दी ये!”

मग तो उन्हाळा आला. विहिरी तळाला गेलेल्या, टँकरच्या पाण्याला शेवाळाचा वास. पोरांना जुलाब सुरू झाले. दुल्हेभाई माणूस काळजीचा, त्यानं क्लोरीनची पावडर आणून टँकरमध्ये टाकली आणि गल्लीच्या ग्रुपवर बोलून टाकलं, “टैंकर में दवा डाला हूँ, वास आया तो घबराओ नको, थोड़ी देर रख के पियो.” त्याचा भसाडा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला आणि सगळ्या गल्लीनं पाणी भरलं. मीही भरलं.

त्याच्या तोंडी दवा म्हणजे औषध. आमच्याही तोंडी तेच, दवाखाना आम्हीही म्हणतो. पण खेड्याकडं शेतात गेलं की दवा म्हणजे पिकावर फवारायचं विष. अमक्यानं दवा पिली असं कुणी सांगितलं की बाया पुढचं विचारत नाहीत, पदर तोंडाला लावतात.

माझा धाकटा भाऊ आखातात क्रेन चालवतो. दुपारी मी मशीनवर बसलेले असताना त्याचा व्हिडिओ आला, खाली लिहिलेलं, “ताई पाणी पिऊ नको.” व्हिडिओत एक माणूस टँकरवर चढून कॅनमधून काहीतरी आत ओततो, आणि वर आवाज येतो, “टैंकर में दवा डाला हूँ.” पुढचं काही नाही. वासाचं नाही, थोड्या वेळानं प्या ते नाही. आवाज दुल्हेभाईचा. माणूस भलताच. अंगात लांब झगा, टँकरच्या नंबरप्लेटवर कुठली लिपी ती मला कळेना, आणि मागं खजुरीची झाडं रांगेनं.

मी भावाला फोन लावला. “अरे येड्या, मागं खजुरी दिसतीय ना तुला? पडेगावात खजुरी कुणी लावल्या, तुझ्या बापानं?”

“ताई, इथं समद्यांकडं आलंय हे. रूममधल्या नेपाळ्याकडं पण आलंय.”

“आलंय म्हणून खरं व्हय?”

“मग खोटं कोण कशाला पाठवंल?” तो म्हणाला. खरंच विचारत होता. हा माझा भाऊ लहानपणी कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरून ओळखायचा. दुसऱ्याच्या कळपातलं कोकरू आपल्यात शिरलं तर अंधुक उजेडातही बाजूला काढायचा. त्याला त्या टँकरवरचा माणूस परका आहे हे दिसेना. मला त्याचा राग आला आणि कीवही आली. तिकडं बिचारा एकटा, ड्युटी संपली की फोनच्या त्या चौकोनातच त्याचं गाव, तिथंच घर.

तोवर वैजापूरहून सासूबाईंचा फोन, त्यांच्याकडं तेच. नवऱ्याला शिफ्टच्या बसमध्ये तेच. समुद्रापार जाऊन आलेली गोष्ट आमच्या गल्लीला आमच्याच गल्लीची बातमी सांगत होती. आमच्या ग्रुपवरचा आवाज कुणी कापला, कुणी त्या खजुरीच्या देशाला जोडला, देव जाणे. संध्याकाळी गल्लीतल्या बायांनी पाणी ओतून दिलं. दुष्काळात! हंडेच्या हंडे नालीत. माती फुगली, कुत्री येऊन चाटायला लागली. माझा संताप संताप झाला. मी घरातून पेला आणला, माझ्या लाल पट्ट्याच्या हंड्यात बुडवला आणि गल्लीच्या मधोमध उभी राहून गटागटा पिले.

“घ्या, बघा! मरते का बघत बसा!”

त्याचा व्हिडिओ काही कुणी काढला नाही. माझ्याच नात्यातली एक बाई मात्र शांतपणे म्हणाली, “तुला काय होतंय बाई, तुला सवय हाय त्यांच्या पाण्याची.” पेला घेऊन घरात आले आणि चुलीपाशी बसून रडले.

दुल्हेभाई बिचारा खुलासा करायला गेला. आपाला म्हणाला, लोक घाबरलेत, त्यांच्या भाषेत नीट सांगतो. आणि चांगल्या शुद्ध मराठीत ग्रुपवर बोलला, “मी पाण्यात फक्त शुद्धीकरणाचं औषध टाकलं होतं.” अरे देवा! औषध! आमच्याकडं दवा पिली काय आणि औषध पिलं काय, मढं एकच. मी धावत जाऊन त्याला म्हटलं, “दुल्हेभाई, ते पुसा आधी.” त्यानं पुसलं. तोवर ते गेलं होतं. दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ फिरायला लागला की टँकरवाल्यानं कबूल केलं.

टँकरच्या मालकानं त्याला दुसऱ्या भागातल्या फेऱ्या दिल्या. मालकही काय करणार, त्यालाही टँकर फोडून घ्यायचा नव्हता. आमच्या गल्लीला दुसरा ड्रायव्हर आला. आणि कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही, पण हंड्यांच्या लाइनी दोन झाल्या. एक भिंतीकडनं, एक नालीकडनं. मी आपाचा हंडा माझ्या हंड्याला चिकटवून भिंतीकडच्या लाइनीतच लावत राहिले. बाया बघायच्या. बघू दे. मनात एकच धास्ती होती, ही बाई इथून उठून जाऊ नये. तिची एक सून सारखी म्हणायला लागली होती, की आपल्या लोकांत जाऊन राहू. आपा मान हलवायची. “इत्ते साल की दीवार छोड़ के किधर जाऊँ?” म्हणायची आणि हुक लावत बसायची.

त्याच दिवसांत गल्लीतल्या कुणीतरी गच्चीवरून लाइनीचा व्हिडिओ काढला. वाईट हेतूनं नाही. पाण्याचे हाल बघा, निवडून दिलेले लोक कुठं आहेत, असं लिहून टाकला. त्या दिवशी आपा घरी नव्हती, लेकीच्या बाळंतपणाला शहरात गेली होती. जाताना दारातूनच म्हणाली, “मेरा सरका गे.” टँकर आला, लाइन हलली, मी तिचा हंडा उचलला, पुढं ठेवला, मग माझा उचलला, तिच्या मागं ठेवला. रोजचं काम. भाकरी थापताना हात बघतो का आपण? तसं.

पुढं कितीतरी दिवसांनी आपाच्या मुलानं तिला एक व्हिडिओ पाठवला. तोही आखातातच, हॉटेलात कामाला. आपा ब्लाउज मांडीवर टाकून माझ्याजवळ बसली होती. फोन माझ्यापुढं धरून हसली, “देख, तू तो हिरोइन बन गई!”

मी होते. रडकं संगीत लावलेलं, एक बाई परक्या भाषेत काही बोलत होती, आणि हंड्याच्या हिरव्या पट्ट्याभोवती लाल गोल काढलेला. मी हंडा उचलते, माझं तोंड वाकडं, आणि तिथंच संपतं. परत पहिल्यापासून. उचलते. संपतं. ठेवते ते नाहीच. खाली जे लिहिलं होतं ते आपाच्या मुलानं तिला फोनवर समजावलं होतं, की ही बाई मुसलमान बाईचा हंडा पाण्याच्या लाइनीतून फेकून देते आहे. दूरदूरच्या देशांतल्या बाया मला शिव्याशाप देत होत्या. त्या देशांची नावंसुद्धा मला धड म्हणता येत नाहीत.

आम्ही दोघी हसलो. खरंच हसलो. मी म्हटलं, “हंडा मी फेकला, तर मग पाणी तुला कुणी भरून दिलं, जिन-भुतानं?” तिला ठसका लागला इतकी हसली.

संध्याकाळी माझ्या भावाचा तोच व्हिडिओ आला. संगीत वेगळं, ढोलताशाचं. खाली भगव्या अक्षरात माझं कौतुक, की अशी पाहिजे वाघीण. आणि भावानं स्वतः लिहिलेलं, “ताई, तू तर फेमस. चांगलं केलं.” मी ते किती वेळ बघत राहिले. शिव्यांनी मला काही झालं नव्हतं, त्या परक्यांच्या होत्या. ही शाबासकी माझ्या पाठच्या भावाची होती, मी न केलेल्या नीचपणाबद्दल. त्याला फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, “मग तू काय करत व्हतीस?” म्हटलं, “सरकवत होते रे, सरकवत!” तर म्हणतो, “बरं, राहू दे ताई, कुणाला सांगू नको.”

पावसाळा कोरडाच गेला. आपाच्या मुलानं तिकडून रोज फोन करून तिचं डोकं खाल्लं. त्याच्या सोबतचे लोक त्याला विचारायचे, तुझी आई अजून त्या बाईशेजारी राहते? दुल्हेभाई आधीच मनानं खचलेला, तोही हो म्हणाला. एका सकाळी दारात टेम्पो लागला. आपाचं कपाट, गाद्या, आणि वर, दोरीला अडकवलेला, हिरव्या पट्ट्याचा हंडा. ती मला मिठी मारून म्हणाली, “शहर के शहर में च तो हूँ. रिक्शा में बैठी तो आ गई.” मी म्हटलं, “ये मग.” माझं मशीन मी उचलून आत घेतलं. माझ्या दारात सावली नाही.

ती आली नाही. शहर लई वाढलं, आणि रिक्षात बसलं की पोचलं असं काही राहिलं नाही. मधल्या वर्षांत शहराची नावंही दोन झाली. रिक्षात कुठलं नाव घ्यायचं ते आधी ड्रायव्हरचं तोंड बघून ठरवायला लागलं. आमच्या गल्लीत एकदाचा नळ आला. हंड्यांच्या लाइनी गेल्या, बायांचं एकमेकींच्या दारात बसणंही गेलं. तो व्हिडिओ मात्र जात नाही. कुठं पाणी आटलं, कुठं दंगा झाला की त्याला नवीन कपडे घालून कुणीतरी आणतं. एकदा तर त्यात मी दुसऱ्याच राज्यातली बाई होते.

गेल्या कोरड्या वर्षी मीच उठून आपाकडं गेले. पत्ता विचारत विचारत, शहराच्या पार त्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर. दार नातीनं उघडलं. पोरगी माझ्या कपाळाकडं बघत मागं सरकली आणि आत तोंड करून म्हणाली, “दादी, वो हंडेवाली आ गई!” सुनेनं तिला दटावलं. मी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि आत गेले.

आपा थकली होती. दुल्हेभाई गेल्याचं मला कळलंच नव्हतं. कोण कळवणार? आम्ही एकमेकींचे हात धरून लई वेळ बसलो. तिनं मला खुर्ची नाही दिली, शेजारी गादीवर बसवलं, जुन्यासारखं. चहा झाला. सून आतल्या खोलीत गेली. स्वयंपाकघराच्या दाराशी तो हंडा होता, आता त्यात तांदूळ ठेवत असाव्यात, वर ताटली झाकलेली. पट्टा तसाच होता, जरा उडालेला. तिनं तो घासून काढला नाही हे बघून माझा जीव इतका निवला, की मी उठून त्याच्यावरून हात फिरवला. म्हटलं, “आपा, बकरीची खूण टिकली बघ.”

ती हसली. मग तिचं हसू गेलं. एकदा तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं, आणि माझ्याकडं न बघता विचारलं.

“खरं सांग हं. राग नको मानू. त्या दिवशी तू माझा हंडा उचलून कुठं ठेवला होता?”

मराठीत विचारलं. चांगल्या, स्वच्छ मराठीत, दवाखान्यात विचारतात तसं. इतक्या वर्षांत आपा माझ्याशी एकदाही मराठीत बोलली नव्हती.

“पुढं, आपा,” मी म्हटलं. “तुझा पुढं, माझा मागं. रोजच्यासारखा.”

“बरं,” ती म्हणाली.